पासवर्ड घेतला, पुढे अंधार

वाळूज एमआयडीसीत लॅपटॉपच्या बहुतेक दुखण्यांवर एकच औषध चालतं: फॉरमॅट. बजाजनगरपासून शेजारच्या पंढरपूर गावापर्यंत कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन "पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होते" एवढं सांगा. "विंडोज उडालीय, नवीन टाकावी लागेल" असं उत्तर बहुधा ठरलेलं. जरा मोठ्या दुकानात "डिस्प्लेला काम आहे" किंवा "मदरबोर्ड बघावा लागेल" असं ऐकायला मिळतं. कंपनीच्या आयटीवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, अपडेट चालू असेल, थोडं थांबा. आणि ऑफिसात एकजण असतोच, ज्याचं म्हणणं बंद करून चालू केलं की होतं. ही चारही उत्तरं कधी ना कधी बरोबर ठरलेली आहेत, म्हणून तर ती टिकून आहेत. पण तक्रार दुकानापर्यंत पोचेस्तोवर तिच्यातले सगळ्यात मोलाचे शब्द गळून पडतात: "पासवर्ड टाकल्यावर". काउंटरवरच्या चिठ्ठीत "डिस्प्ले नाही" एवढंच उरतं.

लॉगिनची स्क्रीन दिसली, याचा अर्थ काय होतो ते बघा. पॅनल चालू आहे, त्यामागचा उजेड चालू आहे, पॅनलला जोडणारी केबल धड आहे. प्रोसेसर आणि रॅम निदान इथपर्यंत आले आहेत. डिस्क वाचली जाते आहे, कारण विंडोज तिच्यावरूनच उठली. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असेल तर ते कुलूपही उघडलं आहे. पासवर्ड स्वीकारला गेला, म्हणजे खात्याची नोंदही शाबूत. इतक्या परीक्षा पास झालेल्या मशीनला "विंडोज उडालीय" म्हणणं धाडसाचं आहे. अशा वेळी बिघाड लहान जागेत असतो आणि डेटा बहुतेक वेळा जिथल्या तिथे असतो. मग फॉरमॅट हा पहिला उपाय कसा काय होतो, ते पुढे येईलच.

एंटर दाबल्यावर विंडोजच्या आत एक साखळी सुरू होते. 'विनलॉगऑन' तुमची ओळख पटवतो, 'यूजरइनिट' तुमची सेटिंग उघडतो, मग रजिस्ट्रीत 'शेल' नावाची एक नोंद वाचली जाते. त्या नोंदीत साधारणपणे एकच नाव असतं, एक्सप्लोरर. टास्कबार, स्टार्ट मेनू, डेस्कटॉपवरचे आयकॉन, हे सगळं तोच मांडतो. तो उठला नाही तर मागे उरतो काळा पडदा. गेटवर पंचिंग झालं, माणूस आत आला, पण लाइन चालूच झाली नाही, तसला हा प्रकार. मशीन बंद नसतं. त्याच्याकडे दाखवायला काही नसतं.

काळ्याचेही प्रकार आहेत आणि ते ओळखायला हत्यार लागत नाही. काळ्यावर माउसचा पांढरा बाण हलतो आहे का? हलत असेल तर ग्राफिक्स जिवंत आहे आणि संशय एक्सप्लोररवर किंवा त्याला अडवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर जातो. बाण नाही, पण कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो, आवाजाचं बटण दाबलं की टिंग वाजतं, तर मशीन जागं आहे आणि चित्रच बाहेर येत नाही. इथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी तपासावा. कॅप्स लॉकचा दिवाही ढिम्म असेल तर सगळंच गोठलं आहे, आणि हार्डवेअरचा विचार इथून पुढे सुरू व्हावा, त्याआधी नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पॅनलवर पुसट चित्र दिसतं का ते बघण्याची युक्ती सगळे सांगतात. ती चांगली आहे, पण ती मागचा उजेड गेलेल्या पॅनलसाठी. लॉगिन लख्ख दिसत असेल तर तिचा उपयोग फारसा नाही.

वाळूजमध्ये 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या युनिट्सची वस्ती वाढत गेली. यातल्या लहान युनिटमध्ये एकच लॅपटॉप बिलिंग, टॅली, ड्रॉइंग आणि डिस्पॅच सगळं ओढतो, म्हणून इथे स्क्रीन काळी झाली की थेट गाडी अडते. मागच्या उन्हाळ्यात एका प्रेस शॉपमध्ये मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. डिस्पॅचचा मुलगा घामाघूम होऊन आला. "सर, गाडी भरून उभीय, ई-वे बिल काढायचंय, आणि पासवर्ड टाकला की सगळं काळं!" त्याला म्हटलं, ई-वे बिल तुमच्या लॅपटॉपमध्ये नसतं, ते पोर्टलवर आहे, मालकांच्या मोबाइलवरून लॉगिन करा, ओटीपीही तिथेच येईल. गाडी निघाली. मग शांतपणे लॅपटॉपकडे वळलो. काळ्या पडद्यावर बाण फिरत होता. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबल्यावर निळ्या पाटीवर टास्क मॅनेजर आला. त्यातून 'रन न्यू टास्क', तिथे 'एक्सप्लोरर' एवढा शब्द, एंटर. खालून टास्कबार वर आला, मागोमाग आयकॉन. मुलगा म्हणाला, "आँ? एवढंच?"

एवढंच नव्हतं. एक्सप्लोरर हाताने उठला म्हणजे तो खराब नव्हता. लॉगिनच्या वेळी त्याला कुणीतरी धरून ठेवत होतं. स्टार्टअपच्या यादीत दोन अँटिव्हायरस निघाले, एक लॅपटॉपबरोबर फुकट आलेला आणि मुदत संपलेला, दुसरा नंतर विकत घेतलेला. पहिला काढला, लेबल प्रिंटरचा एक जुना प्रोग्रॅम स्टार्टअपमधून बंद केला आणि लॉगिन सुरळीत झालं. अशा केसमध्ये दोषी शोधायची पद्धत कंटाळवाणी पण खात्रीची आहे: स्टार्टअपमधले सगळे बाहेरचे प्रोग्रॅम बंद करायचे, मग अर्धे-अर्धे चालू करत जायचं.

शेलच्या नोंदीचा इतिहास मोठा मजेदार आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये प्रेव्हेक्स या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की मायक्रोसॉफ्टच्या अपडेट्समुळे लोकांच्या स्क्रीन लॉगिननंतर काळ्या पडताहेत. बातमी जगभर गेली. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तपास करून आपल्या अपडेट्सचा यात हात नसल्याचं सांगितलं आणि प्रेव्हेक्सने माफी मागितली. बिघाड होता तो शेलच्या नोंदीतच. ती नीट लिहिलेली नसेल तर एक्सप्लोरर उठत नाही, आणि ती बिघडवायची सवय काही मालवेअरना होती. अपडेटला शिव्या घालण्याआधी हे प्रकरण आठवावं. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये, कारण अपडेट खरोखर दोषी असल्याचीही उदाहरणं आहेत. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत जुलै 2025 नंतरचे अपडेट टाकल्यावर पहिल्या लॉगिनला स्टार्ट मेनू, टास्कबार आणि एक्सप्लोरर कोलमडू शकतात, हे मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मान्य केलं. कारण असं की त्यांना लागणारे काही घटक वेळेवर नोंदवलेच जात नव्हते.

व्हायरसचा विषय निघाला की महाराष्ट्रात क्विक हीलचं नाव येणारच. कैलास काटकरांचं पुण्यातलं दुकान मुळात दुरुस्तीचं, आधी कॅल्क्युलेटर, मग कॉम्प्युटर. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडत, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि 1995 मध्ये त्यांचा अँटिव्हायरस बाजारात आला. दुरुस्तीच्या काउंटरवर रोग ओळखण्याची चिकाटी किती लांब नेऊ शकते, याचा दाखला शोधायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही.

वाळूजमधली एक खास भानगड मात्र घरच्या लॅपटॉपवर कधी दिसायची नाही. असेंब्ली लाइनवर, टेस्टिंगच्या बेंचवर जे औद्योगिक पीसी असतात, त्यांतल्या अनेकांत शेलच्या नोंदीत एक्सप्लोररचं नाव मुद्दामच नसतं. तिथे मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे ऑपरेटरला डेस्कटॉप दिसूच नये, थेट मशीनची स्क्रीन यावी. तो प्रोग्रॅम पडला, त्याच्या लायसन्सचा डोंगल सैल झाला किंवा कुणी फोल्डरचं नाव बदललं, की लॉगिननंतर पडदा काळा. इथे नवखा माणूस शिकल्याप्रमाणे शेलमध्ये 'एक्सप्लोरर' लिहितो, डेस्कटॉप येतो, सगळे खूश होतात. आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळीत त्या पीसीवर पिक्चर चालू असतो. अशा मशीनवर आधी डोंगल बघावा, मग प्रोग्रॅमचा रस्ता बघावा, आणि शेलच्या नोंदीला हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी. यातले बरेच पीसी अजून विंडोज 7 किंवा 10 वर आहेत. 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला, 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. पण मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, त्यामुळे ते हलणार नाहीत. त्यांना सांभाळून ठेवणं एवढंच हातात राहतं.

ग्राफिक्सकडे येऊ. डिझाइनच्या कामाच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळी चिप. लॉगिनपर्यंत कामाचा भार फारसा नसतो. डेस्कटॉप उघडताना दोघांमधली देवाणघेवाण सुरू होते आणि ड्रायव्हरमध्ये गडबड असेल तर पडदा तिथे जातो. पहिला उपाय अगदी सोपा: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. 'टुक' असा आवाज येतो, ग्राफिक्स नव्याने सुरू होतं आणि नशीब असेल तर चित्र परत येतं. दुसरा, विंडोज आणि पी. प्रोजेक्टरला किंवा दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या खोट्या मॉनिटरला चित्र जात असेल तर ते यातून परत आणता येतं. तिसरा, सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठलेली विंडोज.

सेफ मोडमध्ये जायला तीनदा पॉवर बटण दाबून मशीन मधेच मारायचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. चालू डिस्कचा गळा तीनदा दाबायचा कशाला? लॉगिनची स्क्रीन तुम्हाला दिसते आहे ना, तिच्याच कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरा आणि तिथून रीस्टार्ट करा. दुरुस्तीचा निळा पडदा येतो, त्यात 'ट्रबलशूट'मधून 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग 4 हा आकडा. सेफ मोडमध्ये डेस्कटॉप आला तर दोष ड्रायव्हरचा किंवा बाहेरच्या प्रोग्रॅमचा. तिथून ग्राफिक्सचा ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेता येतो किंवा पूर्ण काढून कंपनीच्या साइटवरचा नवा टाकता येतो. एक गोष्ट माहीत असू द्या: सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, खरा पासवर्ड लागतो. तो वर्षानुवर्षं टाकलेला नसल्याने अनेकांना आठवत नाही.

आणि बिटलॉकर. विंडोज 11 च्या 24एच2 पासून, नव्याने बसवलेल्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक लॅपटॉपची डिस्क न विचारताच कुलूपबंद होते. दुरुस्तीच्या वाटेने गेलात की 48 अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, पण कुणाच्या खात्यात? बऱ्याच युनिटमध्ये लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने किंवा सोडून गेलेल्या अकाउंटंटने आपलाच मेल आयडी टाकलेला असतो. ही किल्ली किती अडवू शकते ते जगाने पाहिलं आहे. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरची सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आणली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ते प्रकरण लॉगिनच्याही आधीचं. पण उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. फॉरमॅटची गरजच नव्हती. लोक अडले ते या किल्लीपाशी, एकेका मशीनला ती हाताने टाकत.

सेफ मोडमध्येही काळंच राहिलं तर दुसरं खातं करून बघावं. नव्या खात्यात डेस्कटॉप येतो आणि जुन्यात येत नाही, तर जुनं प्रोफाइल बिघडलं. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स नव्या खात्यात उचलायचे आणि पुढे जायचं. लपलेल्या सेटिंगच्या फाइली मात्र नेऊ नयेत, नाहीतर रोगही बरोबर येतो.

थांबा म्हणणाऱ्यांचा पक्ष अगदीच चुकीचा नाही. मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला विंडोज मागे प्रोग्रॅमची तयारी करत असते आणि तेवढा वेळ पडदा काळा राहू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर चहा घेऊन या. अर्ध्या तासानंतरही तेच असेल तर थांबण्यात अर्थ नाही. 'बंद करून चालू'वाल्यांसाठी एक तपशील: विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं, त्यामुळे 'शट डाउन' केल्यावर मशीन पूर्ण झोपत नाही, आतली अवस्था जपून ठेवतं. पूर्ण नव्याने उठायचं असेल तर 'रीस्टार्ट'च हवं. लाइटचाही यात वाटा आहे. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण इथले कितीतरी लॅपटॉप मेलेल्या बॅटरीवर, कायम चार्जरला टांगलेले असतात. मोठी मोटार चालू होताना व्होल्टेज दचकलं की ते टेबलावरच्या पीसीसारखेच गप्पकन बंद होतात, आणि तो क्षण अपडेटच्या मधला असेल तर पुढचं लॉगिन काळं झाल्यास नवल नाही.

हार्डवेअरचं खरं दुखणंही असतं, पण त्याची चाल वेगळी. पडदा कधी लॉगिनला जातो, कधी दहा मिनिटांनी. थंड सकाळी नीट चालतं, दुपारी नाही. ग्राफिक्सची चिप तापून असं होतं. एनव्हीडियाला 2008 मध्ये लॅपटॉपमधल्या सदोष चिपसाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. शॉट ब्लास्टिंगच्या किंवा ग्राइंडिंगच्या शेजारी वर्षभर चाललेला लॅपटॉप उघडून बघा, पंख्यात लोखंडाची बारीक भुकटी मिळेल. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलली की पुष्कळदा काम भागतं. चिपला गरम हवा मारून "रिबॉलिंग केलं" म्हणणारे भेटतात. त्या दुरुस्त्या फार टिकताना मी पाहिलेल्या नाहीत. डिस्क मरायला टेकली असेल तर लॉगिननंतर सगळं रेंगाळतं आणि अशा डिस्कवर नवी विंडोज टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग दुकानदार फॉरमॅटच का सांगतो? त्याला दोष देणं सोपं आहे. फॉरमॅटचे पैसे ठरलेले असतात, गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं, आणि एकाच वेळी चार मशीनला लावून देता येतं. निदानाला तास जातो आणि शेवटी "एक शब्द टाइप केला, त्याचे कसले पैसे?" असं गिऱ्हाईकच विचारतं. पाहणीचे पैसे वेगळे द्यायची आपली तयारी नाही, तोवर काउंटरवर फॉरमॅटच मिळणार. एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातल्या घराघरांत कॉम्प्युटर पोचवला, पण बिघाड नेमका कुठल्या क्षणी झाला ते सांगायची सवय काही आपल्याला लागली नाही. "एंटर दाबल्यावर, बाण दिसतोय, कॅप्स लॉक चालू आहे" एवढं बोललात तरी समोरचा माणूस वेगळं वागतो.

फॉरमॅट करायचाच झाला, म्हणजे मालवेअर खोल शिरलं असेल किंवा सिस्टीम रिस्टोर, अपडेट काढणं, फाइल तपासणी हे सगळं करून झालं असेल, तर त्याआधी वाळूजच्या युनिटमध्ये बघायच्या गोष्टी वेगळ्या असतात. विंडोजच्या 'रीसेट'मध्ये 'फाइल ठेवा' असा पर्याय आहे, पण तो प्रोग्रॅम काढून टाकतो. टॅली गेलं, मशीन चालवणाऱ्या पीएलसीचं सॉफ्टवेअर गेलं, त्यांची लायसन्स गेली. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो. यातलं बरंचसं काळ्या पडद्यावरूनच वाचवता येतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. टास्क मॅनेजर उघडत असेल तर 'रन न्यू टास्क'मधलं 'ब्राउझ' दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात खाली 'सर्व फाइल' निवडा. आता ती साधी फोल्डरची खिडकीच आहे. राइट क्लिक करून टॅलीचा डेटा कॉपी करा, पेन ड्राइव्ह लावा, त्यात पेस्ट करा. मग त्याच मार्गाने टॅली उघडा आणि लायसन्स सरेंडर करा. पीएलसीच्या सॉफ्टवेअरचंही लायसन्स परत करता येत असेल तर तेही तिथूनच करा, आणि मगच लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात न्या.